सिंक्रोनस मोटर शिकताना लोड अँगलपाशी थांबा

मोटरचा सिंक्रोनस वेग म्हणजे १२० गुणिले फ्रीक्वेन्सी भागिले पोल, हे तुम्हाला येतच असेल. ५० हर्ट्झवर ४ पोलची मोटर १५०० आरपीएमनेच फिरणार, लोड असो वा नसो. माझं डोकं खाल्लं ते पुढच्या प्रश्नानं: वेग कमीच होत नाही, तर लोड वाढल्याचं मोटरला कळतं कसं?

इंडक्शन मोटर आधी शिकल्यामुळे स्लिप, म्हणजे फिरत्या क्षेत्रापेक्षा रोटरचा वेग कमी पडणं, डोक्यात घट्ट बसलेली असते. ती इथे बाजूला ठेवा. स्टेटरचं फिरतं चुंबकीय क्षेत्र पुढे, डीसीवर चालणारे रोटरचे पोल थोडे मागे, आणि वेग दोघांचा एकच. लोड टाकला की रोटर क्षणभर रेंगाळतो, आणखी जरा मागे सरकतो आणि पुन्हा तोच वेग धरतो. हे मागे पडणं म्हणजेच लोड अँगल. गोल रोटरच्या मोटरचा टॉर्क या कोनाच्या साइनच्या प्रमाणात वाढतो.

पटत नसेल तर शाफ्टच्या टोकावर खडूची रेघ मारा आणि सप्लायशी जुळवलेला स्ट्रोब लाइट टाका. रेघ उभी राहिल्यासारखी दिसते. लोड वाढवा, ती फिरण्याच्या उलट दिशेला सरकते आणि तिथेच थांबते. फक्त ४ पोलच्या मोटरमध्ये ३० इलेक्ट्रिकल अंश म्हणजे शाफ्टवर १५ अंश, हे ध्यानात ठेवा. ९० इलेक्ट्रिकल अंशांपलीकडे रोटर जितका मागे जाईल तितका टॉर्क घटतो, मग तो आणखी मागे जातो आणि मोटर सिंक्रोनिझममधून सुटते.

तयार नोट्समध्ये ‘सेल्फ स्टार्टिंग नाही’ एवढ्यावरच भागवतात. असल्या नोट्स मला मुळीच आवडत नाहीत. उभ्या रोटरवरच्या टॉर्कची दिशा ५० हर्ट्झला सेकंदात १०० वेळा उलटते, सरासरी शून्य. म्हणून डॅम्पर वाइंडिंगवर (रोटरच्या पोलमध्ये बसवलेल्या, टोकांना जोडलेल्या पट्ट्यांवर) इंडक्शन मोटरसारखं सुरू करायचं आणि वेग सिंक्रोनसच्या जवळ आला की डीसी द्यायचा. तोपर्यंत फील्ड, म्हणजे रोटरचं डीसी वाइंडिंग, उघडं ठेवायचं नाही! त्यात इतकं व्होल्टेज तयार होतं की इन्सुलेशन फुटतं. फील्डच्या दोन टोकांत डिस्चार्ज रेझिस्टर जोडलाय का, हे कुणी सांगितलं तरी स्वतः बघा.

व्ही-कर्व्हला, म्हणजे एक्सायटेशन (फील्डला दिलेला डीसी) बदलला की स्टेटरचा करंट कसा बदलतो त्या आलेखाला, घाबरू नका. एक्सायटेशनने वेग बदलत नाही, बदलतो तो पॉवर फॅक्टर: कमी दिलं तर लॅगिंग, जास्त दिलं तर लीडिंग. लोड अँगलचं फेझर चित्र हाताने काढलंत की तो कर्व्ह तासाभरात सुटतो.