तळं हिरवंगार झालं? आधी खाद्याची गोणी बघा

पाणी पोपटी दिसतंय म्हणून मी एकदा मोरचूद (शेवाळ मारणारं तांब्याचं निळं औषध) विरघळवून माशांच्या अख्ख्या तळ्यावर एकाच दिवशी शिंपडलं. शेवाळ मेलं खरं. पण मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. तिसऱ्या पहाटे काठाला मासे उलटे तरंगत होते. तेव्हापासून मी औषधाआधी खाद्याची वही उघडते.

२८ टक्के प्रथिनं असलेल्या १०० किलो खाद्यात जवळपास साडेचार किलो नत्र असतं. त्यातलं फार तर पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतं. बाकीचं विष्ठा, अमोनिया आणि न खाल्लेल्या दाण्यांच्या रूपानं पाण्यातच राहतं. म्हणजे तळ्यात सहा-सात किलो युरिया ओतल्यासारखंच झालं, वर स्फुरद वेगळं. या खतावरच शेवाळ पोसतं.

म्हणून खाद्य तबकात घालून दोरीनं खाली सोडा आणि तासाभरानं वर ओढून बघा. दाणे उरले असतील तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. ढगाळ दिवशी मी सरळ निम्मंच टाकते. मासे उपाशी मरत नाहीत, गुदमरून मरतात.

पाण्याची हिरवळ मोजायला २० सेंटिमीटरची काळी-पांढरी थाळी आणि दर पाच सेंटिमीटरला गाठ मारलेली दोरी पुरते. ऊन चांगलं वर आल्यावर थाळी खाली सोडायची. ३० ते ४५ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. ३०च्या आत आली तर खाद्य कमी करा, २०च्या आत आली तर बंद. एक मात्र बघा, पाणी मातीनं गढूळ असेल तर थाळी फसवते. काचेच्या ग्लासात थोडं घेऊन रंग तपासा.

एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, दिवसा फिरवून काठावर मिरवणारे मी पाहिलेत. दुपारी शेवाळ स्वतःच ऑक्सिजन सोडतं, रात्री मात्र तेच ओढतं. सर्वांत कमी ऑक्सिजन सूर्योदयाच्या आधी असतो. म्हणून मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत एरेटर चालू ठेवा. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत असतील तर आधी एरेटर, मग बाकी विचार. दुपारी पाण्याचा सामू (pH) ९च्या वर गेला असेल तर चुना टाकू नका. सामू वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो.

वाऱ्यानं एका कोपऱ्यात हिरवा रंग सांडल्यासारखी साय जमली आणि कुबट वास आला, तर ते बहुधा निळं-हिरवं शेवाळ. त्यातलं काही विषारी असतं. हातमोजे घालून बारीक जाळीनं काढा, जनावरांना ते पाणी पिऊ देऊ नका.

पाणी बदलायचं तर तळाचं काढा, घाण तिथंच बसते. मात्र ते ओढ्यात सोडलंत तर आपलं शेवाळ खालच्याच्या दारात. शेताला द्या. मासे काढून झाले की तळं भेगा पडेपर्यंत वाळवा आणि वरचा काळा गाळ खरवडून झाडांना घाला.