पान पिवळं पडलं की लगेच तांब्या उचलू नका : घरातल्या कोवळ्या रोपांबाबत या चुका टाळा

मागच्या महिन्यात शेजारच्या काकू सकाळी सकाळी मनी प्लांटची कुंडी घेऊन आमच्या दारात आल्या. "बघ की गं, सगळं पिवळं पडायलंय. रोज पाणी घालायलेय, परवा चमचाभर युरिया बी टाकला, तरी पडायलंच."

कुंडीत बोट घातलं तर आत नुसता चिखल, आणि बोटाला आंबूस वास. मुळं पाण्यात गुदमरली होती, त्यावर युरियाचा चटका बसला होता. काकूंनी काळजी घेण्यात काही कमी केलं नव्हतं. उलट जिवापाड केलं होतं. लातुरात मी पाहिलेली बहुतेक कोवळी रोपं अशीच गेली आहेत, म्हणून हे लिहायला बसले.

पिवळं पान दिसलं की हात एकतर पाण्याकडे जातो, नाहीतर खताच्या पुडीकडे. त्याआधी दोनच गोष्टी बघा. पिवळं पडलेलं पान खालचं जुनं आहे की शेंड्याचं नवं? आणि माती आत किती ओली आहे? याला पाच मिनिटं लागत नाहीत.

वाफसा न बघता पाणी घालणं

आपल्याकडे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, रान वाफशावर आल्याशिवाय तो तिफण घालत नाही. मातीत ओलही हवी आणि हवाही खेळायला हवी. कुंडीलाही हाच नियम लागू आहे, फक्त घरात आल्यावर तो आपण विसरतो. खराट्याची एक काडी दोन-अडीच इंच खोल खुपसा आणि दोन मिनिटांनी काढा. काडीला ओली माती चिकटली तर आज पाणी नाही. काडी कोरडी आली तर पाणी द्या. कुंडी उचलून तिचं वजन हाताला ओळखीचं करून घेतलं, तर आठ-पंधरा दिवसांत काडीचीही गरज उरत नाही.

फसवणूक अशी होते की पाणी जास्त झालं तरी पानं मान टाकतात आणि कमी पडलं तरी टाकतात. कारण मुळं सडली की पाणी असूनही त्यांना ते ओढता येत नाही. पान हातात घेऊन बघा. मऊ, लिबलिबीत, पिवळं आणि खालून सुरुवात झालेली असेल तर पाणी जास्त झालंय. कडेपासून वाळलेलं, कागदासारखं कुरकुरीत असेल तर तहान आहे. स्नेक प्लांट आणि झेडझेडला तर माती पूर्ण वाळल्याशिवाय थेंबही देऊ नका. ही दोन्ही रोपं आपल्याकडे उन्हानं मरत नाहीत, मायेनं मरतात.

शेतातली काळी माती जशीच्या तशी कुंडीत भरणं

"आमच्या रानातली एक नंबर माती आहे," असं म्हणून लोक गावाहून पोतं भरून आणतात. रानात ती सोनंच आहे. कुंडीत मात्र तिचा फार त्रास होतो. काळी माती भिजली की फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि आठवडाभर वाफसा येत नाही. वाळली की आकसते, भेगा पडतात आणि कुंडीच्या कडेपासून माती सुटते. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली बशीत येतं. आपल्याला वाटतं कुंडी भिजली, पण मधला गड्डा ठणठणीत कोरडा असतो. रोज पाणी घालूनही पानं वाळत असतील तर आधी ही फट आहे का बघा.

अशी कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की काढा आणि पूर्ण निथळू द्या. पुढच्या वेळी माती भरताना एक वाटा काळी माती, एक वाटा कोकोपीट, एक वाटा जुनं कुजलेलं शेणखत आणि अर्धा वाटा जाड वाळू घ्या. कुंडीला खाली भोक आहे ना, तेही बघा. शोभेच्या चिनी मातीच्या कुंड्यांना बऱ्याचदा ते नसतंच.

दुसरी अडचण नर्सरीच्या पिशवीची. बाहेरून येणारी पुष्कळ रोपं लाल मातीच्या घट्ट गोळ्यात असतात. तो गोळा तसाच नव्या मातीत बसवला तर भोवतीची माती ओली राहते आणि गोळा आत कोरडा. लावण्याआधी गोळा भिजवून बाहेरची माती बोटांनी हलकेच मोकळी करा. मुळं तोडू नका.

कूलरचं आणि आरओचं उरलेलं पाणी रोपांना घालणं

ही चूक फारशी कुणी सांगत नाही, पण आपल्या भागात ती घरोघरी होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, ते दिवस ज्यांनी काढलेत त्यांच्या हातून तांब्याभर पाणीही वाया जात नाही. माझ्याही जात नाही. त्यामुळे आरओचं टाकाऊ पाणी कुंडीत, कूलरच्या टाकीचा उरलेला तळ कुंडीत, असं चालतं.

पण हिशेब करून बघा. बोअरच्या पाण्यात मुळात क्षार जास्त. कूलर त्यातलं पाणी उडवतो आणि क्षार टाकीतच राहतात. रोज नवं पाणी भरतो, तेही उडतं, क्षार साठतच जातात. जाळीवर जो पांढरा थर धरतो तो हाच. आरओसुद्धा गोडं पाणी आपल्याला देतो आणि क्षार दुसऱ्या नळीतून बाहेर टाकतो. हे पाणी कोवळ्या मुळांना घातलं की पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन करपतात, मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसायला लागतात. स्पायडर प्लांट, पीस लिली, अरेका पाम आणि ड्रॅसिना यांच्यावर हे सगळ्यात आधी दिसतं. स्पायडर प्लांट आणि ड्रॅसिनाला तर पाण्यातलं फ्लोराइडही सोसत नाही.

ते पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा, म्हणजे वायाही जाणार नाही. रोपांना एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी द्या. ते हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पावसाळ्यात पन्हाळीखाली बादली लावून चार कॅन भरून ठेवले तर नाजूक रोपांची पुष्कळ दिवस सोय होते. आणि पुटं धरलेली कुंडी एकदा मोरीत ठेवून कुंडीच्या तिप्पट पावसाचं पाणी सावकाश सोडून धुऊन काढा. पावसाचं पाणी नसेल तर वरची इंचभर माती काढून नवी घाला.

कोणतं पान ते न बघता खत टाकणं

कपाशीवरचा लाल्या (पानं लाल पडतात तो) आणि उसावरचा केवडा (कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात तो) ज्यांनी बघितलाय त्यांना हे पटकन कळेल. नत्र आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं रोप जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवू शकतं. म्हणून ती कमी पडली की खालची पानं आधी रंग बदलतात. नत्र कमी असेल तर जुनं पान सगळंच फिकट पिवळं होतं. मॅग्नेशियम कमी असेल तर जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग उतरतो.

लोहाचं उलट आहे. ते जुन्या पानातून नव्यात जात नाही. म्हणून शेंड्याची पानं पिवळी, जवळजवळ पांढरट, आणि शिरांची जाळी हिरवीगार. हाच केवडा. चुनखडीच्या रानात उसावर, भुईमुगावर येतो तोच, आणि कुंडीतही त्याच कारणानं येतो: मातीत लोह असतं, पण चुन्यामुळे आणि जड पाण्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. तिथे युरिया टाकून काही होत नाही, मॅग्नेशियम सल्फेट टाकूनही नाही. पाणी बदला, वरची माती बदला, आणि चिलेटेड लोह (रोपाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्मं घेऊन संध्याकाळी पानांवर फवारा.

खत द्यायचंच तर पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) एका लिटरला एक ग्रॅम, पंधरा-वीस दिवसांतून एकदा, आणि तेही ओल्या मातीत. मुळं आजारी असताना काहीच नाही. मे महिन्यातल्या उन्हाच्या कहरातही नाही. शेतातला युरिया आणि डीएपी घरातल्या कुंडीपासून लांबच ठेवा. एकरी हिशेबाची वस्तू ती, सहा इंची कुंडीत चमचाभरही फार होते.

कूलरच्या झोतात, पश्चिमेच्या खिडकीत

पानाची फक्त खिडकीकडची बाजू पांढरट-तपकिरी होऊन कागदासारखी झाली असेल तर तो रोग नाही, उन्हाचा चटका आहे. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या खिडकीतलं दुपारचं ऊन कोवळ्या पानाला सोसत नाही. तीन-चार फूट आत सरकवा. कूलरचा झोतही अंगावर नको, पानं थडथडत राहतात आणि कडा वाळतात.

याच कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानावर बारीक पांढुरके ठिपके, पान धुळकट, मागे तलम जाळी. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळीच. मोरीत नेऊन पानांची मागची बाजू नळाखाली नीट धुवा आणि चार-पाच दिवसांच्या अंतरानं तीनदा तरी धुवा, कारण अंड्यांतून नवे निघतच राहतात. सोबत कडुनिंबाचं तेल: लिटरला ५ मिली, त्यात मिलीभर पातळ साबण, ऊन उतरल्यावर, आणि आधी एकाच पानावर बघून. पिठ्या ढेकूण (पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यानं पुसून घ्या. मुंग्या दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा, त्या पिठ्याला राखतात.

कपाशीचं उरलेलं औषध घरात फवारू नका, हे हात जोडून सांगते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी दगावले, आणि ते तर उघड्या रानात होते. घरात लेकरं जमिनीवर रांगत असतात.

आणल्या दिवशीच कुंडी बदलणं

शेडनेटमध्ये वाढलेलं रोप घरात आलं की दोन-चार खालची पानं टाकतंच. दोन-तीन आठवडे उजेडाच्या एका जागी राहू द्या. तोवर कुंडी बदलू नका, रोज जागा बदलू नका, खत देऊ नका.

काकूंच्या कुंडीचं काय झालं ते सांगते. रोप उपटलं तर मुळं काळी, ओढली की साल हातात येत होती. ती सगळी कापून टाकली. वेलीचे गाठी असलेले तीन तुकडे एसीच्या पाण्याच्या बाटलीत ठेवले, पाणी दर चार दिवसांनी बदललं. तिघांपैकी दोघांना पांढरी मुळं फुटली. काल काकू विचारत होत्या, "ते एक पिवळं पान हिरवं कधी होईल गं?" ते नाही होणार काकू, ते खुडून टाका. त्याच्या वर जी हिरवी सुरळी निघालीय ना, ती उलगडली की मला हाक मारा.