बंधाऱ्यावरचे फूट आणि आपली गल्ली: पूरपट्ट्यातील गावाने तयारी कशी करावी

कोल्हापुरात पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी मानली जाते. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ फूट आहेत. पावसाळ्यात हे आकडे दिवसातून अनेकदा जाहीर होतात आणि मोबाइलवरून गावोगाव पोचतात. मात्र आंबेवाडी, प्रयाग चिखली, भिलवडी किंवा राजापूर येथील कुटुंबाला जाणून घ्यायचे असते ते एवढेच की, बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असताना आपल्या गल्लीत ते कुठवर येते आणि त्याआधी गावाबाहेर पडण्याचा रस्ता केव्हा बुडतो. हे उत्तर कोणत्याही सरकारी संदेशात मिळत नाही; ते गावानेच तयार करून ठेवावे लागते.

त्यासाठी मे महिन्यात ग्रामपंचायतीने एक तक्ता करावा. तलाठी, पोलीस पाटील, नदीकाठच्या मळ्यांतील शेतकरी, नाव चालवणारी माणसे आणि २००५, २०१९ व २०२१ हे तिन्ही पूर पाहिलेले वयस्कर ग्रामस्थ यांना एकत्र बसवून बंधाऱ्याच्या किंवा पुलाच्या प्रत्येक फुटासमोर गावातील ठिकाण लिहावे: ओढ्यावरचा पूल, पाणीपुरवठ्याची जॅकवेल (नदीतून पाणी उचलण्याची विहीर), विजेचे रोहित्र, खालची आळी, शाळेचे पटांगण. विजेचे खांब व सार्वजनिक भिंती यांवर त्याच पातळीच्या खुणा ऑइलपेंटने कराव्यात आणि पुढचा पूर येऊन गेल्यावर, चिखलाची रेघ धुऊन निघण्याच्या आत, त्या दुरुस्त कराव्यात. जलसंपदा विभागाच्या नकाशावरील निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. तीही तक्त्याशेजारी लावावी, परंतु ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ आता उरलेली वर्षे निर्धास्त, असा कोणी घेऊ नये.

जुन्या खुणेवर विसंबून राहणे किती महाग पडते, ते २०१९ साली दिसले. २००५ मध्ये उंबऱ्याला पाणी लागले नव्हते म्हणून अनेक कुटुंबे घरातच थांबली, आणि त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, राजाराम बंधाऱ्यावरील पातळीने २०१९ चाही आकडा ओलांडला. म्हणून घर सोडण्याची वेळ घरात पाणी शिरण्यावरून न ठरवता रस्ता बंद होण्यावरून ठरवावी. रस्ता बुडण्याच्या पातळीपेक्षा किमान दोन फूट आधीचा आकडा गावाने ‘निघण्याचा फूट’ म्हणून ग्रामसभेत मंजूर करून घ्यावा आणि तो गाठला की दवंडी, मंदिर-मशिदीचा भोंगा व घरोघरचा निरोप या तिन्ही मार्गांनी कळवावा. पाणी चढण्याचा वेग रात्री कळत नाही. त्यामुळे संध्याकाळी पातळी त्या आकड्याच्या जवळ असेल, तर उजाडण्याची वाट पाहू नये.

शिरोळ तालुक्यातील गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही; त्याचा फुगवटा मागे पसरतो. पाऊस थांबून ऊन पडले तरी येथील पाणी कित्येक दिवस हलत नाही. या भागातील कुटुंबांनी औषधे, कोरडा शिधा आणि चारा यांचा हिशेब दोन दिवसांचा नव्हे, आठवडाभराचा करावा.

अनुभव असा आहे की माणसे घरासाठी जेवढी अडत नाहीत, तेवढी जनावरांसाठी अडतात. दुभत्या म्हशी मागे ठेवून निवारा केंद्रात जाण्यास कोणी राजी होत नाही, आणि ते स्वाभाविकच आहे, कारण अनेकांचा महिन्याचा खर्च दूध संघाच्या बिलावर चालतो. म्हणूनच माणसांच्या निवाऱ्याआधी जनावरांची जागा ठरवावी: माळावरचे पटांगण, साखर कारखान्याचे आवार किंवा वरच्या गावातील नातेवाइकांचे गोठे. तेथे वैरण आणि पाणी कोण पोचवणार, हे नावानिशी लिहावे. घटसर्प व फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्याव्यात, कानातले बिल्ले शाबूत आहेत का ते पाहावे आणि जनावरे सर्वांत आधी हलवावीत. ते शक्यच झाले नाही, तर निघताना दावी सोडावीत. बांधलेल्या जनावराला पोहून वाचण्याची संधीच उरत नाही.

घरनिहाय यादीत गरोदर स्त्रिया, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, डायलिसिसवर असलेले लोक आणि एकटे राहणारे वृद्ध यांची वेगळी नोंद असावी व त्यांना पहिल्याच फेरीत हलवावे. कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवणे, नदीवरच्या मोटारी काढून घेणे, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक पाठ असणे या गोष्टी आता बहुतेकांना माहीत आहेत.

बोटीविषयी मात्र कडक शिस्त हवी. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांनी भरलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक ग्रामस्थ बुडाले. बोटीत किती माणसे बसतील हे तिच्यावर रंगवावे, लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही बसवू नये आणि चढणाऱ्यांची रांग सांभाळण्यासाठी गावाने ऐकावे अशी एक व्यक्ती काठावर उभी करावी. गुऱ्हाळाच्या काहिलीतून (गूळ उकळण्याच्या मोठ्या कढईतून) पलीकडे जाण्याची जुनी सवय साचलेल्या पाण्यात एखाद्या वेळी निभावते. वाहत्या पाण्यात तिचा प्रयोग करू नये.

पाणी ओसरल्यावर घाई नडते. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि ऊन लागून वाळू लागल्यावर ढासळतात, त्यामुळे जुन्या घरात लगेच मुक्काम करू नये. मुख्य स्विच वायरमनने तपासल्याखेरीज चालू करू नये. गाळ ओला असतानाच काढणे सोपे असते, पण त्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरील पाण्याच्या रेघेसह, फोटो काढून ठेवावेत. विहीर व टाकी उपसून ब्लीचिंग पावडर टाकावी आणि ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणाऱ्या तपासणीत) पाणी पिवळसर झाल्याशिवाय ते पिण्यास वापरू नये. गाळात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा (जनावरांच्या मूत्राने दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या तापाचा) धोका असतो. पायावर जखम असेल तर गमबूट घालावेत आणि प्रतिबंधक गोळ्यांबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. उसाच्या शेतात चर काढून पाणी बाहेर घालवावे. शेंड्यातील सुरळी गाळाने कुजली असेल आणि पांगशा (कांडीवरचे बाजूचे फुटवे) फुटू लागल्या असतील, तर तो ऊस लवकर तोडण्यासाठी कारखान्याच्या शेती विभागाकडे लेखी मागणी करावी.

पंचनाम्याच्या वेळी घरातील जाणत्या व्यक्तीने हजर राहावे, लिहिलेले पूर्ण वाचूनच सही करावी आणि त्या पानाचा फोटो घ्यावा. भाडेकरू, वाट्याने शेती करणारे आणि ऊसतोड मजूर यांच्या नावावर घर किंवा सातबारा नसल्याने ते बहुधा यादीबाहेर राहतात. त्यांच्या वास्तव्याचा दाखला ग्रामपंचायतीने मागणीची वाट न पाहता द्यावा. नुकसानग्रस्तांची यादी फलकावर लागताच ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावी आणि नाव सुटलेल्या प्रत्येकाने तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.