सूत्रकृमींचा डबा मागवण्याआधी

सूत्रकृमी म्हणजे मातीतल्या किडींना मारणारे अगदी बारीक जंत. ते मागवायचे तर आधी कुदळ, मग ऑर्डर. दोन-चार झाडांच्या बुंध्याशी वीतभर खणून बघा, कोण सापडतंय ते. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली हुमणी, फळमाशीचे कोष, की सालीच्या फटीत दडलेल्या अळ्या? हुमणी असेल तर ती लहान असतानाच गाठायची. पोसलेली हुमणी दाद देत नाही. आणि हुमणीचे भुंगेरे पानं खात असतील, तर मातीत काहीही सोडून ते आज थांबणार नाहीत.

कीड कळली की जात ठरते. स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी मातीच्या वरच्या थरात शेपटीवर उभी राहून सावजाची वाट बघते, म्हणून पृष्ठभागावर फिरणाऱ्या अळ्यांसाठी ती बरी. हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा खाली शिरून शोधते, तिला हुमणी द्या. थंड मातीत स्टायनरनेमा फेल्टी, उष्ण मातीत हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी वेगळ्या. डब्यातल्या झाडाला तोंड लावत नाहीत.

हिशेब क्षेत्राचा करा, झाडांच्या संख्येचा नव्हे. सर्वसाधारण मात्रा दर चौरस सेंटिमीटरला २५ कृमी, म्हणजे हेक्टरी २५० कोटी. फक्त झाडाखालीच सोडणार असाल, तर बुंध्याभोवतीच्या २ मीटर त्रिज्येच्या आळ्याला सुमारे ३१ लाख पुरतात. डबा आला की लेबलावरचं तापमान वाचून ठेवा. बहुतेक जाती फ्रिजमध्ये ५ अंशांच्या आसपास टिकतात, इंडिकाला मात्र ती थंडी सोसत नाही. फ्रीझरमध्ये कुठलीच नको.

पंपाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण घात तिथेच होतो. आत कीटकनाशकाचा अंश राहिला असेल तर टाकी दोनदा धुवा. बारीक गाळण्या काढून ठेवा, नाहीतर जिवंत माल जाळीवरच बसतो. नोझलचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून मोठं हवं आणि दाब २० बारच्या आत. या कृमी तळाशी बसतात, तेव्हा ढवळायला एक माणूस वेगळा ठेवा; हे काम कंटाळवाणं आहे म्हणूनच टाळलं जातं.

सोडण्याआधी चिमूटभर माल पाण्यात घालून अर्ध्या तासाने भिंगाखाली धरा. वळवळ दिसली की झालं. कार्पोकॅप्सी मात्र स्वस्थ पडून राहते, इंग्रजी जे अक्षरासारखी वाकून. मेली समजून डबा फेकू नका, सुईच्या टोकाने हलवून बघा.

आदल्या दिवशी झाडांची आळी भिजवून घ्या. चिखल नको, वाफसा हवा. सोडायची वेळ संध्याकाळची, ऊन उतरल्यावर, कारण अतिनील किरणांत त्या फार तग धरत नाहीत. कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा आणि लगेच वरून हलकं पाणी द्या, म्हणजे पानापाचोळ्यावर अडकलेल्या खाली उतरतील. पुढचे दोन आठवडे ओल मोडू देऊ नका. त्या काळात ताजं शेणखत किंवा युरियाही नको.

चार-पाच दिवसांनी पुन्हा खणा. विटकरी-तांबडी पडलेली मऊ हुमणी दिसली, तर ते हेटेरोऱ्हॅब्डायटिसच्या पोटातल्या जिवाणूंचं काम. तुलनेसाठी काही झाडं मुद्दाम कृमी न सोडता ठेवायची असतात. त्यांना आजच सुतळी बांधून ठेवा, नंतर ओळखू येत नाहीत.