चाउडर फाटतं ते उगाच नाही: या चुका टाळा

उन्हाळा लागला की मला हमखास तो फोन येतो. "काकू, चाउडर फाटलं." बोलणारं माणूस दरवेळी वेगळं असतं, वाक्य मात्र तेच. मी बॉस्टनच्या दक्षिणेला, समुद्रापासून वीस मिनिटांवर राहते. सतरा वर्षं झाली. माहेर वेंगुर्ल्याचं, म्हणून इथल्या मराठी मंडळींनी परस्पर मला शिंपल्यांची अधिकारी नेमून टाकलंय. फोनवर सांगून सांगून घसा बसला, तेव्हा आता एकदाच लिहिते.

इथे चाउडर म्हणजे न्यू इंग्लंडचं, अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्याचं, पांढरं क्लॅम चाउडर, शिंपल्यांचं दुधाळ सूप. शिंपल्यांचं पाणी, खारवलेलं डुकराचं मांस (सॉल्ट पोर्क), कांदा, बटाटा आणि दूध किंवा क्रीम. पाच वस्तू, आणि त्या पाचांत माणसं पन्नास चुका करतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दूध घातल्यावर ते उकळणं. तीन वर्षांपूर्वीची गटारी सांगते. इकडे गटारी अमावास्येला होत नाही, जवळच्या शनिवारी होते. एका उत्साही मुलाने (नाव सांगत नाही, आता लग्न झालंय बिचाऱ्याचं) बावीस माणसांना बोलावलं आणि यंदा कोंबडी नाही, चाउडर असं जाहीर केलं. मी सहाला पोचले तेव्हा घरभर सुंदर वास सुटला होता. मग दारावरची बेल वाजायला लागली. हा पाहुण्यांचे जोडे कुठे ठेवायचे ते दाखवत राहिला आणि इकडे पातेलं मोठ्या आचेवर खळखळत होतं. परत येऊन त्याने चव घेतली. सपक लागलं म्हणून कोकमाचं आगळ काढलं आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन मोठे चमचे आत ओतले. मी "अरे, अरे" म्हणेपर्यंत पातेल्यात फुटाण्याएवढे गोळे दिसायला लागले. वर पिवळा तवंग, खाली हिरवट पाणी, मधे बटाटे. घाबरून त्याने ब्लेंडर चालवला, तेव्हा त्याची लापशी झाली.

"काकू, वाचेल का?"

"अरे, हे चाउडर नाही राहिलं. हे पनीर आहे, माशाच्या वासाचं."

नशीब एवढंच की निम्म्या शिंपल्या त्याने अजून आत घातल्या नव्हत्या. त्यांचं कांदा-खोबऱ्याच्या वाटपात सुकं केलं, कोणीतरी पाव आणले आणि बावीस जण जेवले. तो मुलगा अजूनही गटारीला कोंबडीच करतो.

आता हे का होतं ते ऐका. दुधातली प्रथिनं आंबट, खारट आणि कडक उष्णता हे तिन्ही एकत्र सोसत नाहीत. शिंपल्यांचं पाणी मुळात खारट, त्यात आच मोठी, वर आगळ किंवा लिंबू पडलं की संपलं. आपण पनीर ज्या रीतीने मुद्दाम करतो, तीच रीत इथे नकळत होते. क्रीम सहसा फाटत नाही, कारण त्यात चरबी भरपूर आणि प्रथिनं त्या मानाने कमी. दूध पातळ तितका धोका जास्त. बटाट्याचा स्टार्च थोडं सांभाळून घेतो, पण त्याच्या भरवशावर झोपू नका. चरबी काढलेलं दूध घालून "हेल्दी" चाउडर करणाऱ्यांनी मला फोन करू नये.

माझी सवय अशी: बटाटे पूर्ण शिजले की गॅस बंद. क्रीम वेगळ्या भांड्यात कोमट करायचं, पातेल्यातलं दोन डाव पाणी त्यात घालून सारखं करायचं आणि मग सगळं पातेल्यात. पुन्हा मंद आच. कडेला बुडबुड्यांची बारीक माळ दिसली की उतरवायचं. त्या पाच मिनिटांत दारावरची बेल दुसऱ्या कोणीतरी उघडावी. मेन राज्यातल्या जुन्या घरांतून डब्यातलं आटवलेलं दूध वापरतात. ते सहसा फाटत नाही, आणि त्यात कमीपणा काही नाही.

याच ठिकाणी कोणीतरी म्हणतंच, "मासे आणि दूध? विरुद्ध आहार!" माझी आजीही म्हणायची, आणि कोड फुटेल अशी भीतीही घालायची. कोड हा शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच त्वचेवर उलटण्याचा आजार आहे, चाउडरने होत नाही. पण ज्याच्या मनाला पटत नाही त्याच्या ताटात ते वाढू नका. आग्रह हीसुद्धा चूकच. त्याच्यासाठी रोड आयलंडचं बिनदुधाचं, स्वच्छ रश्शाचं चाउडर आहे. खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतं.

दुसरी लाडकी चूक वाळूची. आणि ही माझी स्वतःची आहे, तेव्हा कोणाला नावं ठेवायची सोय नाही. पहिल्या वर्षी इथल्या बाजारात पातळ कवचाच्या शिंपल्या दिसल्या. घरच्या तिसऱ्यांची (कोकणातल्या लहान शिंपल्यांची) आठवण झाली आणि मी त्याच उचलल्या. त्यांना इथे स्टीमर म्हणतात. त्यांचं तोंड कधीच पुरतं मिटत नाही आणि पोटात वाळू ठासून. वरून मी त्या रात्रभर बादलीत ठेवल्या, गोड्या पाण्यात. सकाळी निम्म्या मेलेल्या. समुद्राच्या जिवाला गोडं पाणी म्हणजे विष, हे वेंगुर्ल्याच्या मुलीला कळू नये! उरलेल्यांचं चाउडर केलं. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकन आवाज आला, तो मला टेबलाच्या या टोकाला ऐकू आला. त्याने काही न बोलता दुसरा घासही खाल्ला. माणूस चांगला आहे.

चाउडरसाठी घ्यायचा तो जाड, टणक कवचाचा प्राणी. लिहितात क्वाहॉग, पण इथली माणसं कोहॉग म्हणतात. लिटलनेक लहान, चेरीस्टोन त्याहून मोठी आणि सगळ्यात मोठीला चाउडर क्लॅमच म्हणतात. तिन्ही एकाच जातीच्या, फक्त वयाचा फरक. लहान लिटलनेक महाग, ती चाउडरमध्ये घालणं म्हणजे बासमतीची पेज करणं. मोठी घ्या, चिरून घाला. सहा माणसांना कवचासकट तीन-सव्वातीन किलो लागतात.

घरी आणल्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नका, गुदमरतात. उघड्या भांड्यात, वर ओलं फडकं टाकून फ्रिजमध्ये. करायच्या आधी ब्रशने घासायच्या आणि तासभर मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकंच खारट. उघडी दिसली तर बोटाने टकटक करा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर फेका. शिजल्यावर जी उघडत नाही तीही फेका. इथे काटकसर नको.

आता खरी गोष्ट, ते पाणी. तीन कप पाण्यात झाकण ठेवून शिंपल्या वाफवल्या की त्या तोंड उघडतात आणि आपलं पाणी सोडतात. तेच चाउडर. बाकी सगळं त्याच्या सोबतीला. ते पातेलं दहा मिनिटं हलवायचं नाही. मग जुन्या मलमलच्या धोतराचा तुकडा चाळणीत घालून अगदी संथ ओतायचं. ओतताना पातेलं जरा तिरकं धरलं की तळाशी करडी रेघ सरकताना दिसते. ती कडेपर्यंत आली की हात थांबवायचा. तळाचं दोन बोटं पाणी सोडून द्यायचं. नेमकं इथेच माणसांचा जीव जातो. "एवढं चांगलं पाणी फुकट!" म्हणून शेवटचा थेंब निथळतात, आणि मग मला फोन.

आता बारीकसारीक चुका, पटापट.

मीठ आधी घालू नका. शिंपल्या खारट, डुकराचं मांस खारट. शेवटी चाखा. माझ्या हातून दहातल्या नऊ वेळा मीठ पडतच नाही.

बेकन घालाल तर धुराचा वास येईल आणि शिंपली हरवेल. सॉल्ट पोर्क मिळत नसेल किंवा खात नसाल तर सरळ लोणी.

शिंपल्यांचं मांस शेवटी घाला, फक्त गरम होण्यापुरतं. बटाट्याबरोबर शिजवलंत तर रबर.

बटाटा चिकट, घट्ट जातीचा घ्या. भाजायचा पिठूळ बटाटा विरघळून जातो.

जिरं नको. हिंग तर नकोच. हो, एकाने घातला होता.

मैद्याबद्दल मात्र दोन वाक्यांत भागणार नाही. चमचा उभा राहील इतकं घट्ट चाउडर म्हणजे अस्सल, हा समज पर्यटकांच्या ठिकाणांनी पसरवला. मैदा स्वस्त, शिंपल्या महाग, एवढंच त्याचं रहस्य. घरी सहा जणांना फार तर दोन चमचे, नाहीतर अजिबात नको. इथले जुने लोक जाडसर बिस्किटं चुरून घालत. बॉस्टनच्या वर्तमानपत्रात १७५१ साली छापलेली चाउडरची पद्यातली कृती आहे. तिच्यात मासे, कांदा, डुकराचं मांस, बिस्किटं आणि चक्क लाल वाइनची बाटली आहे. दूध नाही, बटाटा नाही. तेव्हा "अस्सल, अस्सल" म्हणून भांडणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं.

घट्टपणा हवाच असेल तर थांबायला शिका. चाउडर मुरलं पाहिजे, लोणच्यासारखं. गॅसवरून उतरवून निदान तासभर, नाहीतर गार करून रात्रभर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी ते आपोआप दाटतं आणि चवही एकजीव होते. पण आजकाल सातला आलेल्या पाहुण्यांसाठी साडेसहाला कांदा चिरायला घेतात. त्याला मी काय करू!

हॉटेलातल्या चुका वेगळ्या. बॉस्टनमध्ये बसून टोमॅटोचं लाल चाउडर मागू नका. ते मॅनहॅटनच्या नावाचं. मेनच्या विधिमंडळात १९३९ साली चाउडरमध्ये टोमॅटो घालायला बंदी करा म्हणून विधेयक आलं होतं, इतका हा विषय नाजूक. सूपबरोबर पिशवीत येणारी इवली बिस्किटं, ऑयस्टर क्रॅकर, यांत ऑयस्टर, म्हणजे कालव, नसतं, शाकाहारी पाहुण्याने दचकू नये. ती सगळी एकदम ओतून भिजवू नका, चार-चार टाका. पावाच्या वाडग्यात चाउडर हवं असेल तर हौस करा, पण ती पद्धत सॅन फ्रान्सिस्कोची, इथली नव्हे. आणि नवीन ठिकाणी आधी कप मागवा, मोठा वाडगा नाही. पहिल्याच चमच्याला मैदा लागला तर थोडक्यात सुटका होते.

चाउडर चाखण्याचे मेळे आणि स्पर्धा उन्हाळ्यात भरतात. तिथे आपली मंडळी शिरताच गेल्या वर्षीच्या विजेत्याच्या रांगेत उभी राहतात, उन्हात, अर्धा तास. मग सगळ्यात मलईदार चाउडर पहिल्यांदा पोटात जातं आणि पुढच्या दहांची चव मेलेली. मी आधी स्वच्छ रश्शाची, मग पांढरी, धुरकट आणि मसालेदार शेवटी, असं जाते. प्रत्येकाचे दोन चमचे, मधे पाणी. कप संपवायचा नाही, पैसे वसूल करायला आलो नाही. आणि दार उघडताच पोचायचं, कारण दुपारपर्यंत गरम ठेवलेली भांडी आटून आटून खारट होतात.

मत देण्याआधी आवडलेल्या टेबलावर मी एकदा परत जाते. गेल्या उन्हाळ्यात अशीच गेले. सकाळी जे चाखून डोळे मिटले होते, त्या भांड्यात आता पांढरे कण तरंगत होते. मागे एक कोवळा पोरगा, कपाळावर घाम, पुढे पन्नास माणसांची रांग. घाईघाईत त्याने आच वाढवली होती. माझ्या हातात कप देत म्हणाला, चांगलं गरम आहे हं. मी थँक्यू म्हटलं आणि मत शेजारच्या टेबलाला दिलं.