‘रथ’ या शब्दाचा माग कसा काढावा

‘रथ’ हा शब्द ज्याला मुळापासून समजून घ्यायचा आहे, त्याने आरंभ रथापासून न करता बैलगाडीपासून करावा, असे माझे मत आहे. सूर्याचा सात घोड्यांचा रथ किंवा कुरुक्षेत्रावरचा अर्जुनाचा रथ डोळ्यांपुढे आणला, की आपण शब्द सोडून चित्रात रमतो. बैलगाडी मात्र शब्दांना धरून ठेवते. म्हणून पहिले काम असे करावे, की गाडीच्या प्रत्येक भागाचे मराठी नाव एका कागदावर लिहावे आणि त्याच्या समोर वैदिक संस्कृतातील नाव मांडावे. ज्या दांड्याभोवती चाके फिरतात तो आस, म्हणजे संस्कृत अक्ष. बैलांच्या मानेवरचे जू म्हणजे युग. चाक म्हणजे चक्र, आणि चाकाच्या मधल्या तुंब्यातून परिघाकडे जाणारा आरा म्हणजे अर. चाकावर तापवून चढवलेल्या लोखंडी पट्टीला आपण धाव म्हणतो. तिचे वैदिक नाव पवि असे वेगळेच होते, आणि तुंब्याला तेथे नाभि म्हणत. जेथे जोडी जुळत नाही, तेही लिहून ठेवावे, कारण न जुळणाऱ्या जोड्याही पुढे उपयोगी पडतात.

आता हा कागद समोर ठेवून प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारावा: हा शब्द तोंडातून तोंडात झिजत आला आहे की पोथीतून जसाच्या तसा उचलला आहे? ‘क्ष’चा मराठीत स किंवा श झालेला दिसला, की शब्द झिजत आला असे समजावे. क्षेत्राचे शेत झाले, मक्षिकेची माशी झाली, तसाच अक्षाचा आस झाला. युगाचे जू होणे आणि चक्राचे चाक होणे हीही त्याच वाटेची उदाहरणे आहेत. या कसोटीवर ‘रथ’ घासून पाहिला, की एक मौजेची गोष्ट लक्षात येते. महाराष्ट्री प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘थ’चा ‘ह’ होत असे. नाथाचा नाह झाला, आणि प्राकृत रामकथांत दशरथाचा दसरह झाला. त्या नियमाने रथाचे रूप ‘रह’ होते, आणि प्राकृतात ते खरोखर आढळते. मराठीत ते टिकले असते, तर आज आपण ‘रथ’ म्हटलेच नसते. याचा अर्थ एवढाच, की आपल्या बोलण्यातील ‘रथ’ हा संस्कृतातून पुन्हा उसना घेतलेला शब्द आहे. गाडीचे आस, जू, चाक आणि आरे पिढ्यानपिढ्या सुताराच्या आणि शेतकऱ्याच्या जिभेवर राहिले. ज्या वाहनाचे ते भाग होते, त्याचे नाव मात्र मधल्या काळात हरवले आणि पुराणिकाच्या पोथीतून परत आले. या शब्दाविषयी मला जे काही सांगायचे आहे, त्याचा गाभा हाच आहे.

हाच ध्वनिनियम एका लोकप्रिय समजुतीवरही लावून पाहावा, कारण शब्दशोधाचा खरा सराव अशा ठिकाणीच होतो. ‘मराठा’ हा शब्द ‘महारथी’पासून आला, असे अभिमानाने सांगितले जाते. सातवाहनकालीन लेण्यांतील शिलालेखांत ‘महारठी’ हे पद येते, हे खरे आहे. पण त्यातील ‘ठ’कडे नीट पाहावे. ‘महारथी’ झिजला असता, तर त्याचे ‘महारही’सारखे काही झाले असते. ‘ठ’ येण्यासाठी मुळात बहुधा ‘ष्ट’ किंवा ‘ष्ट्र’सारखे जोडाक्षर असावे लागते. राष्ट्राचे प्राकृतात रट्ठ होते, तसा. त्यामुळे ‘महारठी’चा धागा रथाकडे न जाता राष्ट्राकडे जातो, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. नुसत्या उच्चारसाम्यावर भाळू नये, ही ताकीद मी इतरांना देतो खरी. पण विद्यार्थिदशेत ‘महारथी’ची व्युत्पत्ती मीही मोठ्या उत्साहाने लोकांना ऐकवली होती.

यानंतर शब्दाचे परदेशातील नातेवाईक शोधावेत. या कामासाठी मोल्सवर्थचा मराठी कोश, मोनियर-विल्यम्सचा संस्कृत कोश आणि भारतीय-आर्य भाषांच्या शब्दांची तुलना करणारा टर्नरचा कोश असे तीन कोश जवळ असावेत. तिन्ही आता संगणकावर विनामूल्य चाळता येतात. इराणच्या अवेस्ता ग्रंथातील ‘रथ’ आपल्या ‘रथा’चा सख्खा भाऊ आहे. तेथे योद्ध्याला ‘रथएश्तर’, म्हणजे रथावर उभा राहणारा, असे म्हणत. ऋग्वेदात इंद्राला लावलेले ‘रथेष्ठा’ हे विशेषण त्याच्या शेजारी ठेवून पाहावे. आणखी पश्चिमेला गेले, की अर्थ बदलतो. लॅटिनमधील ‘रोटा’, जर्मनमधील ‘राड’ आणि लिथुएनियनमधील ‘रातास’ या सर्वांचा अर्थ रथ नसून चाक असा आहे. यावरून दिसते, की मूळ शब्द चाकाचा किंवा त्याच्या फिरण्याचा होता, आणि भारत-इराणी लोकांनी चाकावरून संपूर्ण वाहनाला नाव दिले. ‘रोटेशन’ आणि ‘रोटरी’ हे आपण रोज वापरतो ते शब्द याच ‘रोटा’चे वंशज आहेत. पोर्तुगीजांनी त्याचे ‘रोद’ केले आणि ते गोव्यात आणले. कोकणीत गाडीच्या चाकाला आजही रोद म्हणतात.

फारसीमार्गे आलेली एक शाखा तर आपल्या दाराशीच आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रथ ज्यावरून जातो, ती संस्कृतातील रथ्या, म्हणजे गाडीवाट. त्याच घडणीचा प्राचीन इराणी शब्द झिजून फारसीत ‘राह’ झाला, आणि तेथून आपल्याकडे ‘राहदारी’ आली. शहरातील राहदारीच्या कोंडीत अडकलेला माणूस एका अर्थाने रथातच अडकलेला असतो. मात्र याच झपाट्यात ‘रस्ता’ही रथाच्या कुळात घालू नये. तोही फारसीतूनच आला आहे, पण त्याचे मूळ सरळ या अर्थाच्या ‘रास्त’ शब्दात आहे.

परकीय शब्दांचा विचार करताना नुसते उच्चार न जुळवता नाव कशावरून पडले हे विचारावे. लॅटिनमध्ये रथाला ‘कुर्रुस’ म्हणत आणि त्याचा संबंध धावण्याशी होता. त्याच कुळातील, प्राचीन फ्रान्समधील गॉल लोकांच्या गाडीचे नाव लॅटिनने ‘कार्रुस’ म्हणून उचलले; आजची ‘कार’ तेथून आली, आणि गाडीवर भार लादणे या अर्थावरून ‘चार्ज’ही तेथूनच आला, म्हणजे फोन चार्जिंगला लावताना आपण व्युत्पत्तीच्या हिशेबाने गाडी भरत असतो. हिब्रूतील ‘मेर्कावा’चे मूळ वेगळेच आहे, तेथे र-क-ब ही धातूची अक्षरे स्वार होणे हा अर्थ सांगतात. त्याच धातूचा अरबी ‘रिकाब’, म्हणजे घोडेस्वार पाय ठेवतो ती खोगिराची कडी, फारसीतून आपल्या बखरींत आणि शिलेदारांच्या बोलीत ‘रिकीब’ होऊन बसला.

कोशातील माहितीला काळाचा आधार द्यायचा असेल, तर ज्यांची तारीख ठरवता येते असे लेख पाहावेत. आजच्या तुर्कस्तानात बोआझ्क्योय येथे सापडलेल्या मातीच्या विटांवर मितन्नी या आजच्या सीरियाच्या बाजूच्या प्राचीन देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा ग्रंथ आहे. तो सुमारे 3,400 वर्षांपूर्वीचा मानला जातो आणि त्याची भाषा हित्ती, म्हणजे प्राचीन तुर्कस्तानातली, आहे. पण रथाचे घोडे किती फेऱ्या धावले हे सांगताना तो ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न असे शब्द योजतो. एक, तीन, पाच आणि सात हे अंक आणि फेरी या अर्थाचे ‘वर्तन’ ओळखायला मराठी वाचकाला कोश लागू नये. त्याच मितन्नीच्या एका राजाचे नाव तुश्रत्त होते. त्याने इजिप्तच्या फॅरोला लिहिलेली पत्रे अमार्ना येथे मिळाली. त्या नावाची फोड अभ्यासक ‘त्वेषरथ’, म्हणजे ज्याचा रथ त्वेषाने धावतो, अशी करतात. विशेषनामे चाळण्याची सवय येथे लावून घ्यावी, कारण नावांत जुने शब्द गोठून राहतात. आपल्याकडे दशरथ म्हणजे दहा रथांचा धनी आणि जयद्रथ म्हणजे जिंकणाऱ्या रथांचा धनी. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ असे म्हणताना त्या नावातला रथ कोणाच्या ध्यानीमनी नसतो.

वस्तूचा पुरावा हाताळताना मात्र फार जपावे लागते, कारण जमिनीतून निघालेल्या वस्तूवर तिचे नाव लिहिलेले नसते. रशियातील दक्षिण उरल पर्वताजवळच्या सिन्ताश्ता येथील कबरींत सुमारे इ.स.पू. 2000च्या सुमाराच्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्यांचे ठसे घोड्यांसह मिळाले. त्यांना रथ म्हणायला फारशी अडचण नाही. उत्तर प्रदेशातील बागपत जिल्ह्यात सिनौली येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने 2018 साली उत्खननात काढलेल्या वाहनांची चाके भरीव आहेत, त्यांवर तांब्याची नक्षी आहे, आणि त्यांना रथ म्हणावे की गाडी, यावर अजून वाद चालू आहे. आपल्या श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबादला 1974 साली मिळालेल्या ब्राँझच्या चार वस्तूंपैकी सुमारे 45 सेंटिमीटर लांबीच्या वाहनाला दोन बैल जोडलेले आहेत आणि त्यावर एक माणूस उभा आहे. मराठी लेखनात त्याला सर्रास ‘दायमाबादचा रथ’ म्हणतात. माझ्या मते, बांधणी सांगणारे चाक भरीव आहे की आऱ्यांचे, ओढणारे जनावर कोणते, आणि माणूस उभा आहे की बसलेला, या तीन गोष्टी आधी नोंदवाव्यात आणि नाव शेवटी द्यावे.

घोडा असला तरच रथ, हा हट्टही धरू नये. ऋग्वेदानेच तो धरलेला नाही. पूषन् देवाला ‘अजाश्व’ म्हटले आहे, म्हणजे त्याचे घोडे हेच बोकड. ऋभू या देवांच्या कारागिरांनी घडवलेला तीन चाकांचा रथ तर ‘अनश्व’ आहे. त्याला घोडाही नाही आणि लगामही नाही. पुराणकथांकडे वळताना हे मनात असले, म्हणजे साम्यांनी घाई होत नाही. ऋग्वेदात (1.50) सूर्याचा रथ सात घोड्या ओढतात, ग्रीकांच्या हेलिओसला चार घोडे आहेत, आणि डेन्मार्कमधील त्रुन्दहोल्म येथील दलदलीत 1902 साली मिळालेल्या ब्राँझयुगीन प्रतिमेत एकच घोडा सोन्याने मढवलेले सूर्यबिंब ओढतो आहे. ही सगळी एकाच मूळ कथेची रूपे असतील, किंवा आकाशातून रोज जाणाऱ्या गोळ्याला चाक समजणे हे माणसाला अनेकदा सुचले असेल. शब्दांचे नाते ध्वनिनियमांनी तपासता येते. कथांसाठी तशी कसोटी आपल्यापाशी नाही, म्हणून दोन्हींच्या नोंदी वेगळ्या वह्यांत ठेवाव्यात. माघ शुद्ध सप्तमीला अंगणात गोवरीवर दूध उतू घालणाऱ्या आणि पाटावर सूर्याचा रथ काढणाऱ्या घरांची नोंद तिसऱ्या वहीत घ्यावी, कारण ती कथेची नसून आचाराची आहे.

युद्धातून रथ गेल्यावर शब्दाचे काय झाले, हे पाहणे सर्वांत सोपे आहे. तो देवळाकडे गेला. पुरीच्या जगन्नाथाचा नंदीघोष 16 चाकांचा आहे, आणि तो माणसे ओढतात. आळंदीहून निघणाऱ्या पालखीच्या रथाला बैल जोडतात. महाबलीपुरमचे ‘रथ’ तर एकसंध दगडातून कोरलेली, सातव्या शतकातील मंदिरे आहेत आणि जागची हलत नाहीत. रणांगणावरची जागा मराठीत पुन्हा गाड्याने घेतली. इस्रायलने आपल्या रणगाड्याला ‘मेर्कावा’ हे रथाचेच नाव दिले, आपण मात्र ‘रणरथ’ न म्हणता ‘रणगाडा’ म्हटले. बुद्धिबळातही तेच दिसते. चतुरंग सेनेत हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगे होती. चिनी पटावर रथ अजून आहे, पण मराठी पटाच्या कोपऱ्यात हत्ती उभा आहे आणि रथाला घर उरलेले नाही.

शेवटचे काम कोशात होत नाही. लाकडी चाकांच्या जागी रबरी टायर आले, तसे तुंबा, आरे आणि धाव हे शब्द वापरातून निघून चालले आहेत. ज्या गावात जुनी चाके करणारा सुतार अजून आहे, तेथे जाऊन त्याला प्रत्येक भागावर बोट ठेवून ‘याला काय म्हणता?’ एवढेच विचारावे. आपल्याला ठाऊक असलेला शब्द आधी सुचवू नये, नाहीतर तो भिडेखातर होकार देतो. शब्द जसा उच्चारला तसाच लिहावा, शेजारी गाव, तालुका आणि साल घालावे, आणि ‘अक्ष’ व ‘युग’ यांची जोडी घरी परतल्यावर लावावी.