तालुक्याच्या बातम्या करायला लागलेल्या नवीन पोरापोरींसाठी थोडं

गावाकडं आता ज्याच्या हातात मोबाईल तो बातमीदार झालाय, आणि मला त्यात वाईट काही वाटत नाही, उलट जिल्हा आवृत्तीत ज्या वस्तीला कधी जागा मिळाली नाही तिचं गाऱ्हाणं आता निदान बाहेर तरी येतं. मी आधी पेपरचा वार्ताहर होतो, आता स्वतःचं छोटं चॅनल चालवतो, नवीन मुलं भेटली की विचारतात माईक कुठला घेऊ. माईकचं नंतर बघू, आधी सरकारी कागद वाचायला शिका.

एका वस्तीवरनं फोन आला, सरपंचानं गटारीचे पैसे खाल्ले. सोबत व्हिडिओ, रस्त्यावर सांडपाणी, बाया चिडलेल्या. व्हिडिओ खरा होता, पण पैसे कुणी खाल्ले हे व्हिडिओत दिसत नाही ना. मग ई-ग्रामस्वराज, म्हणजे ग्रामपंचायतींच्या कामांचं सरकारी संकेतस्थळ, उघडलं, तिथं जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडत गेलं की आराखडा आणि खर्च दिसतो, लॉगिन बिगिन लागत नाही. काम पूर्ण दाखवलेलं. मग माहिती अधिकारात अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, पूर्णत्वाचा दाखला आणि मोजमाप पुस्तिका मागितली, तिला सगळे एमबीच म्हणतात. एमबीत गटारीची लांबी लिहिलेली असते. वस्तीतल्याच दोन पोरांना टेप धरायला लावून जागेवर मोजलं, तर निम्म्याच्या पुढं गटार नव्हतीच. आणि मोजमापाखाली सही सरपंचाची नाही, अभियंत्याची. म्हणजे प्रश्न सरपंचाला होताच, पण पहिला प्रश्न अभियंत्याला होता, आणि फोन आल्या आल्या व्हिडिओ टाकला असता तर तो माणूस बातमीत आलाच नसता. दोघांनाही फोन करून त्यांचं म्हणणं घेतलं आणि मगच लावली.

माहिती अधिकाराच्या अर्जाचं सांगतो. साध्या कागदावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, ती पाळा नाहीतर तेवढ्यावरच अर्ज परत येतो. माहिती कशाला पाहिजे हे लिहायची गरज नाही, कायद्यातच तसं आहे. "काम का झालं नाही" असं विचारू नका, उत्तर येत नाही, अमुक कागदाची प्रत द्या असं मागा. ३० दिवसांत नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत दुसरं, राज्य माहिती आयोगाकडं. तिथं फार वेळ जातो, म्हणून पहिल्या अपिलाच्या सुनावणीला स्वतः जा, बरेचसे कागद तिथंच सुटतात.

आता अफवांचं, आणि हे मी फार मनापासून सांगतोय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं मुलं पळवणारे समजून ठार मारलं, अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर आधीपासून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाच ठिकाणीच फॉरवर्ड करता येईल असं केलं. पण तालुक्यात ते मेसेज अजून येतात, आणि लोक खरंय का म्हणून आपल्यालाच विचारतात. तेव्हा "सावध राहा" म्हणून पुढं ढकलायचं नाही. पोलीस ठाण्यात फोन करायचा, गुन्हा नोंद आहे का, नंबर काय, कुठलं गाव. गावाचं नावच नसेल तर तिथंच शंका घ्या. व्हिडिओतला एक फोटो काढून गूगल लेन्सला टाका, तसाच फोटो आधी कुठं आलाय ते ते शोधतं, दुकानाच्या पाट्यांची भाषा बघा, गाड्यांचे नंबर बघा, पुष्कळदा व्हिडिओ दुसऱ्याच राज्यातला निघतो. खोटा आहे हे सांगताना मूळ व्हिडिओ लावू नका, स्क्रीनशॉटवर आडवं मोठं "खोटं" लिहून तोच टाका, कारण लोक नुसतं चित्र बघून पुढं पाठवतात.

पैशाचं पण बोललं पाहिजे. तालुक्यातलं चॅनल पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर चालतं, हे सगळ्यांना माहितीय. जाहिरात घ्या, पण तिच्यावर जाहिरात असं स्पष्ट लिहा आणि तीच माणसं बातमीत आली तर प्रश्न विचारायला कचरू नका, एखादी जाहिरात जाईल, जाऊ दे.

आणि ग्रामसभेला जात जा. बऱ्याच गावांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होते. गटारीची बातमी लागल्यावर वस्तीतल्या बायांनी ती एमबीची प्रत हातात धरूनच ग्रामसभेत प्रश्न विचारला आणि उरलेलं काम करायचा ठराव लिहून घेतला. तो ठराव इतिवृत्तात नीट उतरलाय का हे तिथंच वाचून बघा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (आधी ज्याला ग्रामसेवक म्हणायचे) प्रत लेखी मागा, काम पुन्हा रखडलं तर पुढची बातमी त्याच कागदावर उभी राहते.